साडेदहा बाय आठचं स्वयंपाकघर : जुन्या फ्लॅटमधल्या एका नूतनीकरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूड भागातला हा दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर असा फ्लॅट. इथल्या स्वयंपाकघराचा नवा आराखडा मी केला. इमारत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, सहकारी गृहरचना संस्थेची. घरात चौघं : शहात्तर वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात शिकणारी नात. सून शाळेत शिकवते. तिला मी ताई म्हणते, म्हणून इथेही ताईच लिहिते. नावं आणि ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत, मापं मात्र तशीच ठेवली आहेत.

या घरात स्वयंपाक करणारी पाचवी व्यक्तीही आहे. पोळ्यांच्या मावशी सकाळी साडेसातला येतात आणि तासाभरात वीस-बावीस पोळ्या लाटून जातात. त्याच तासात ताईंची डब्याची भाजी, आमटी आणि कुकर असतो. म्हणजे रोज सकाळी एकाच शेगडीसमोर दोघी उभ्या, आणि तिसऱ्या आजी, कारण देवपूजाही इथेच.

खोली पूर्व-पश्चिम साडेदहा फूट लांब, दक्षिणोत्तर आठ फूट रुंद. पश्चिमेच्या भिंतीत हॉलमधून येणारं दार, पूर्वेला खिडकी. उत्तरेच्या भिंतीच्या मधोमध ड्राय बाल्कनीचं अडीच फुटी दार. ओटा एकच, दक्षिणेच्या भिंतीला टोकापासून टोकापर्यंत, काळ्या कडप्प्याचा, खालीही कडप्प्याच्या मांडण्या. खिडकीच्या बाजूला कोपऱ्यात सिंक. बाल्कनी साडेतीन फूट रुंद, तिथे वॉशिंग मशीन आणि भांडी घासायची मोरी.

प्रश्न कसा पुढे आला

सुरुवात हौसेतून झालेली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या घरात सिंकच्या बरोबर खाली छताला ओल आली, रंगाचे पापुद्रे सुटले आणि सोसायटीचं पत्र आलं. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतून सांडपाणी जायची जाळीखालची कुंडी, तिच्याभोवतीचा जोड सुटला होता, आणि जुने लोखंडी पाइप आतून गंजून निम्मे बुजले होते. फरशी उखडायचीच होती. तेव्हा घरात ठरलं की फोडतोच आहोत, तर स्वयंपाकघर नीट करून घेऊ.

पहिल्या भेटीत प्रत्येकाने आपापली तक्रार सांगितली. ताईंची कंबर दुखते. नातीला हॉल अंधारा वाटतो, म्हणून मधली भिंत पाडून मोकळं स्वयंपाकघर हवं. तिच्या वडिलांना ओल कायमची थांबायला हवी आणि खर्च साडेचार लाखांच्या आत. आजींच्या अटी दोन : देव्हारा ईशान्येला आणि वर्षाचं धान्य घरातच.

मावशींना कुणी विचारलंच नव्हतं. ते पुढे महागात पडलं असतं.

मी टेप लावली तेव्हा या तक्रारींमागची कारणं दिसू लागली. ओटा साडेदहा फूट लांब, पण मिक्सर, पाण्याचा फिल्टर, मायक्रोवेव्ह आणि भांड्यांचं जाळं त्यावर कायम मांडलेलं. गॅस आणि सिंक यांच्या मध्ये कामाला उरलेली जागा बावीस इंच. तिथेच विळी, तिथेच परात, तिथेच चिरलेली भाजी. फ्रिज हॉलमध्ये, कारण स्वयंपाकघरात त्याला कोपरा नव्हता. सिंकपासून तो सतरा फुटांवर. ओट्याची उंची एकतीस इंच आणि ताईंची उंची पाच फूट चार. चिरताना त्या वीस वर्षं वाकून उभ्या होत्या. ट्यूबलाइट पाठीमागे छताला, त्यामुळे संध्याकाळी विळीवर स्वतःचीच सावली. सोळा अँपिअरचा पॉइंट सगळ्या खोलीत एक.

कंबरदुखीवर ताईंनी पट्टा लावून पाहिला होता, व्यायाम केले होते. ओट्याची उंची हेही कारण असू शकतं असं त्यांना कुणीच कधी सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

आधी पाहणी

कॅटलॉग दाखवण्याआधी मी घरच्यांना दोन कामं सांगितली. पहिलं, सकाळच्या गर्दीच्या वेळी कोण कुठे उभं असतं, कशासाठी कुठे जातं, हे नातीने बाजूला बसून एका कागदावर रेघांनी काढायचं. दुसरं, सगळी मांडणी रिकामी करून भांड्यांचे तीन ढीग लावायचे : रोजचं, आठवड्यातून लागणारं आणि सणावारी लागणारं.

रेघांच्या कागदावर सगळ्यात दाट पट्टा फ्रिज आणि ओटा यांच्यामध्ये उमटला, तो अपेक्षितच होता. दुसरा दाट पट्टा मात्र घरच्यांनाही नवा होता. मावशी पोळी लाटून तव्यावर टाकतात, आणि ताईंना त्याच वेळी सिंकपासून शेगडीपर्यंत यायचं असतं. मावशी गॅस आणि सिंक यांच्यामधल्या त्या बावीस इंचांत पोळपाट मांडत होत्या, म्हणजे ताईंच्या थेट वाटेत. दोघी सकाळभर एकमेकींना "जरा सरका" म्हणत होत्या आणि हे असंच असतं असं समजत होत्या.

भांड्यांच्या ढिगांतून कळलं की रोजच्या वापरातली वस्तू जेमतेम एक-तृतीयांश. बाकी पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, गौरी-गणपतीला लागणारी मोठी पातेली, लग्नात आलेले डिनर सेट. आणि धान्याच्या कोठ्या तीन, आतापर्यंत आजींच्या पलंगाखाली.

स्वयंपाकघराचा आराखडा अशी पावलं मोजून करायची पद्धत जुनी आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या घरबांधणी योजनेसाठी १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं, ते अशाच हालचालींच्या अभ्यासावरून. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण मांडला गेला. त्याची प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट आणि तिन्हींची बेरीज तेरा ते सव्वीस फूट असावी, हा ठोकताळा आजही वापरतात. मीही वापरते. पण तो एकट्या माणसाने स्वयंपाक करायचा हे धरून केलेला आहे, आणि आपल्याकडे सकाळी साडेसातला ओट्याशी क्वचितच एकटं कुणी असतं. म्हणून त्रिकोण जुळला तरी दोघींच्या वाटा एकमेकींना छेदतात का, हे वेगळं तपासावं लागतं.

पर्याय

पहिला पर्याय नातीचा : मधली भिंत पाडायची. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. इमारत आरसीसी चौकटीची, ही भिंत सहा इंची विटांची आणि वर तुळई असल्याने भिंतीवर भार नाही, असं त्यांनी लेखी दिलं. म्हणजे तांत्रिक अडचण नव्हती. बहुतेक घरांत इथे चर्चा संपते आणि घण पडतो. आम्ही मात्र एक रविवार तसं जगून पाहायचं ठरवलं : दार काढून बाजूला ठेवलं आणि नेहमीचा स्वयंपाक केला. मिरचीच्या फोडणीचा ठसका हॉलमध्ये पसरला. मिक्सर लागला की नातीच्या वडिलांना फोनवरचं ऐकू येईना. नातीचं म्हणणंही बदललं. तिला भिंत नको होती असं नाही, स्वयंपाक करणारी माणसं हॉलपासून तुटतात हे तिला खटकत होतं. ही फार मोलाची गोष्ट होती आणि तिच्यासाठी अख्खी भिंत पाडायची गरज नव्हती.

दुसरा पर्याय इंग्रजी यू अक्षरासारखा ओटा. कागदावर सर्वांत जास्त लांबी त्यातच मिळत होती. पण उत्तरेच्या भिंतीतलं बाल्कनीचं दार त्याला आडवं येत होतं. दार हलवायचं तर बाल्कनीतली मोरी आणि मशीनही हलणार. शिवाय दोन कोपरे आंधळे होतात, त्यांत ठेवलेली वस्तू दिवाळीलाच सापडते.

तिसरा पर्याय समोरासमोर दोन ओटे. उत्तरेची भिंत दारामुळे चार फूट, अडीच फूट दार आणि पुन्हा चार फूट अशी विभागली जाते. पश्चिमेच्या चार फुटांत फ्रिज आणि एक उंच कपाट बसतं, पूर्वेच्या चार फुटांत दुसरा ओटा. हाच पर्याय पुढे गेला, पण जसाच्या तसा नाही.

कंत्राटदाराने चौथा पर्याय सुचवला : सिंक आतून काढून बाल्कनीतच न्यायचं, म्हणजे ओल आणि ओट्यावरची गर्दी दोन्ही संपतात. आजींनी एका वाक्यात तो निकाली काढला. "तांदूळ धुवायला मी प्रत्येक वेळी उंबरा ओलांडू का?" त्यांचं बरोबर होतं.

निर्णय

*सिंक कुठे.* आम्हाला सिंक खिडकीजवळच्या कोपऱ्यातून थोडं मध्यावर, गॅसच्या जवळ आणायचं होतं. पण सांडपाण्याचा उभा पाइप पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीवर. सिंकच्या आडव्या पाइपला फुटाला साधारण पाव इंच उतार लागतो. सिंक जितकं आत आणावं तितका पाइप लांबतो, आणि उताराची जागा फरशीच्या जाडीत किंवा कपाटांच्या मागे काढावी लागते. नुकत्याच ओल आलेल्या जागी लांब आडवा पाइप आणि जास्तीचे जोड नकोत, म्हणून सिंक पूर्वेच्या कोपऱ्यातच ठेवलं. बाल्कनीत भांड्यांसाठी मोठं, खोल सिंक उभ्याने घासता येईल अशा उंचीवर घेतलं. आतलं सिंक त्यामुळे लहान चाललं : भाज्या, तांदूळ, पिण्याचं पाणी यांपुरतं. खरकटं आत येतच नाही.

आजींना गॅस आग्नेयेला हवा होता, पण त्या कोपऱ्यात सिंकचा पाइप. मी त्यांना उताराचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "देव ईशान्येला राहणार ना? मग गॅस तुम्ही ठरवा." वास्तूचा आग्रह असलेल्या घरांत कोणती अट मनापासूनची आणि कोणती ऐकीव, हे प्रेमाने विचारलं तर मार्ग निघतो. त्यांचा देव्हारा पूर्वेच्या खिडकीलगत, उत्तरेच्या ओट्यावर दीड फुटांत बसवला. दिव्याची आच वरच्या कपाटाला लागू नये म्हणून तिथे वर कपाट घेतलंच नाही.

*पोळ्या कुठे लाटायच्या.* सबंध आराखड्यात सगळ्यात जास्त वेळ यावर गेला आणि तो योग्यच होता. गॅसच्या पूर्वेला सिंक आणि चिरण्याची जागा, ती ताईंची. मग मावशींची जागा गॅसच्या पश्चिमेला हवी, म्हणजे दोघींच्या मध्ये शेगडी येते आणि कुणालाच कुणाची वाट ओलांडावी लागत नाही. दक्षिणेचा ओटा पूर्वेकडून असा वाटला : सिंक अडीच फूट, चिरणं-मळणं सव्वातीन फूट, गॅस अडीच फूट, पोळपाट सव्वादोन फूट. बेरीज बरोबर साडेदहा.

*उंची.* सगळा ओटा चौतीस इंच करावा असं ताईंचं म्हणणं. जुन्या ओट्यावर तीन इंचांचा लाकडी पाट ठेवून त्यांनी आठवडाभर भाजी चिरली आणि कंबरेचा फरक त्यांना लगेच जाणवला. पण मावशी पाच फुटांच्या. चौतीस इंचांवर पोळपाट ठेवला की लाटताना खांदे वर चढतात आणि जोर मनगटातून लावावा लागतो. चिरण्याला कोपराच्या चार-सहा इंच खाली पृष्ठभाग चालतो, लाटण्याला त्याहून खाली हवा, कारण तिथे अंगाचा भार वापरायचा असतो. शेगडीचीही स्वतःची चार-पाच इंच उंची असते. चौतीसवर शेगडी आणि तिच्यावर मोठं पातेलं ठेवलं की आजींना आत दिसतच नाही.

म्हणून ओट्याला पायरी घेतली. सिंक आणि चिरण्याचा पावणेसहा फूट भाग चौतीस इंचांवर, गॅस आणि पोळपाटाचा पावणेपाच फूट भाग तीस इंचांवर. कंत्राटदाराला हे आवडलं नाही. ग्रॅनाइटचा जोड वाढतो, सलग दिसत नाही, पायरीच्या कोपऱ्यात पीठ साचतं. तिन्ही आक्षेप खरे होते. तरी घरच्यांनी पायरीच निवडली, कारण तो जोड दिवसातून एकदा पुसता येतो, आणि मान-खांद्याचं दुखणं तसं पुसता येत नाही. शेगडी पायरीच्या कडेला चिकटू नये, मधे सहा इंच मोकळे राहावेत, एवढं आराखड्यात ठळक लिहिलं.

*चालायची जागा.* दोन्ही ओटे दोन-दोन फूट खोल धरले तर मध्ये चार फूट उरतात. कागदावर पुरेसे वाटतात. हॉलची जमीन रिकामी करून तिथे खडूने खऱ्या मापाची आकृती काढली, ओट्यांच्या जागी खोके मांडले आणि मावशींना पहिल्यांदा चर्चेत घेतलं. ताई एक ड्रॉवर उघडून वाकल्या आहेत असं धरलं, तर मागून आजींना देव्हाऱ्यापाशी जाता येईना. तेव्हा उत्तरेचा ओटा दीड फूटच खोल घेतला. मिक्सर आणि मायक्रोवेव्हला तेवढी खोली पुरते, आणि मध्ये साडेचार फूट मिळाले. खडू आणि रिकाम्या खोक्यांनी जे दाखवलं ते संगणकावरच्या चित्राने दाखवलं नव्हतं. त्या दिवशी मावशींनीच सुचवलं की पिठाचा डबा पोळपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असावा, परातीसह. आम्ही तो सिंकशेजारच्या कपाटात दाखवला होता.

*भिंतीचं काय.* पश्चिमेच्या भिंतीत, पोळपाटाच्या टोकाशी, पावणेदोन फूट रुंद आणि दोन फूट उंच खिडकी घेतली. पलीकडे जेवणाचं टेबल. तव्यावरची पोळी सरळ ताटात जाते आणि नातीला आईशी बोलायला उठून यावं लागत नाही. वरून तुळई जात असली तरी खिडकीवर छोटा लिंटेल, म्हणजे आडवा आधार, घातला, आणि सरकती काच लावली, फोडणीच्या वेळी ओढून घ्यायला.

*पैसे कुठे घालायचे.* आजींच्या मुलाच्या यादीत भारी चिमणी आणि महागडे ड्रॉवर होते. पाइप बदलणं, वॉटरप्रूफिंग आणि वायरिंग यांचा हिशेब मांडल्यावर साडेचार लाखांत दोन्ही बसेनात. दिसणाऱ्या गोष्टी नंतर बदलता येतात, फरशीखालच्या बदलायच्या तर पुन्हा फोडाफोड. म्हणून चिमणी मध्यम घेतली, वरच्या कपाटांना साधी बिजागरी आणि फक्त रोजच्या तीन ड्रॉवरना चांगल्या सरकत्या पट्ट्या. सिंकखाली प्लायवूड टाळून जुन्याच कडप्प्याच्या उभ्या फळ्या ठेवल्या, बाहेरून दार लावलं. बाकी ठिकाणी आयएस ७१० शिक्क्याचं, पाण्याला टिकणारं प्लाय.

काम

सोसायटीची लेखी परवानगी, इंजिनिअरचं पत्र आणि खालच्या-वरच्या घरांना सूचना, एवढं झाल्यावर काम सुरू झालं. दुपारी दोन ते चार तोडफोड बंद, हा सोसायटीचा नियम पाळला. या काळात आजींच्या खोलीत इंडक्शनवर स्वयंपाक चालला. पाच आठवड्यांचं काम आठ आठवड्यांवर गेलं, मुख्यतः वॉटरप्रूफिंगला घाई केली नाही म्हणून.

जुनी फरशी, कोबा सगळा काढून स्लॅब उघडा केला. नवा नहाणी ट्रॅप, आत सीपीव्हीसी या प्लास्टिकचे पाइप, वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. बाल्कनीची पातळी आतल्यापेक्षा दीड इंच खाली. मग दोन्ही ठिकाणी पाणी तुंबवून अठ्ठेचाळीस तास ठेवलं आणि खालच्या काकांना छत पाहत राहायला सांगितलं. पहिल्या खेपेला बाल्कनीच्या कोपऱ्यात छताला बारीक डाग आला. कंत्राटदार म्हणाला, फरशी बसली की थांबेल. घरच्यांनी ऐकलं नाही, तो कोपरा पुन्हा उघडला, भिंतीलगतची गोलाई नव्याने केली आणि परत पाणी तुंबवलं. या दुसऱ्या चाचणीचे सहा-सात दिवस सगळ्यांना जड गेले. पण या साऱ्या कामातला सर्वांत शहाणा निर्णय मला तोच वाटतो, कारण तो घेताना कुणालाच त्यात काही दिसत नव्हतं.

विजेचे पॉइंट टाइल लागण्याआधी भिंतीवर खडूने काढले, आणि ताईंनी हातात मिक्सर घेऊन प्रत्येक जागेपाशी उभं राहून ते पक्के केले. मायक्रोवेव्ह, मिक्सर आणि फ्रिज यांना स्वतंत्र पॉइंट, जड उपकरणांना जाड वायर, बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच. उजेडाची पट्टी वरच्या कपाटांच्या पुढच्या काठाखाली लावली, म्हणजे उजेड माणसाच्या आणि विळीच्या मध्ये पडतो. गॅसची नळी हलवायचं काम प्लंबरला दिलं नाही. पाइप गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्याच माणसांकडून करून घेतलं. ते लोक येईपर्यंत चार दिवस काम अडलं, ते चालवून घेतलं.

धान्याच्या कोठ्या उत्तरेच्या ओट्याखाली, चाकांच्या पाटावर. तिथे कपाटाला तळच ठेवला नाही, म्हणजे भरलेली कोठी उचलावी लागत नाही, ओढली की बाहेर येते. त्याच ओट्याच्या कडेला अठ्ठावीस इंच उंचीवर एक दुमडती फळी, खाली स्टुल. आजी तिथे बसून भाजी निवडतात.

काय झालं

आता एक पावसाळा उलटून गेला आहे. खालच्या घराचं छत कोरडं आहे आणि तिथे नवा रंगही झाला आहे.

सकाळची वाट मोकळी झाली. नातीने पुन्हा एकदा रेघांचा कागद केला, त्यात ताई आणि मावशी यांच्या रेघा शेगडीपाशी भेटतात पण एकमेकींना छेदत नाहीत. सिंक, गॅस आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाची बेरीज एकोणीस फुटांच्या आसपास येते. ताईंची कंबर पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, त्याही म्हणत नाहीत. पण स्वयंपाक झाल्यावर पाठ टेकायला लागत नाही, असं त्या सांगतात. मावशींनी दुसऱ्या एका घरी ओट्याची उंची मोजायला लावली.

सगळ्यात जास्त वापर त्या छोट्या खिडकीचा होतो. गौरींच्या जेवणाला बायका दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या आणि पुरणपोळ्या आतून बाहेर चालल्या होत्या. दुमडत्या फळीवर आता आजींच्या भाजीखेरीज नातीचा लॅपटॉपही असतो.

तक्रारी आहेत. पायरीच्या जोडातलं सिलिकॉन वर्षात काळं पडलं, ते काढून नवं भरावं लागलं. चिमणीचा पाइप पूर्वेच्या भिंतीपर्यंत न्यायला दोन वळणं घ्यावी लागली, त्यामुळे ओढ कमी आहे. तळणाच्या दिवशी पूर्वेची खिडकी उघडावीच लागते. वरच्या कपाटांतला सर्वांत वरचा खण आजींच्याच काय, ताईंच्याही हाताला येत नाही, तिथे डिनर सेट गेले.

वेगळं काय करता आलं असतं

फ्रिज. जुनाच ठेवायचा ठरलं आणि त्याचं दार उजव्या बिजागरीचं. तो वायव्य कोपऱ्यात हॉलच्या दाराशी असल्याने पाणी घ्यायला येणाऱ्याला सोयीचा आहे, त्याला स्वयंपाकाच्या गर्दीत शिरावं लागत नाही. पण गॅसपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे उघड्या दाराची पाठ येते, वळसा घालून आत हात घालावा लागतो. फ्रिज आणि उंच कपाट यांच्या जागांची अदलाबदल केली असती, तरी दार त्याच बाजूला उघडलं असतं. डाव्या बिजागरीचा फ्रिज आधी शोधून मग कोपरा ठरवणं हा खरा उपाय होता. खडूच्या आकृतीत फ्रिजसाठी नुसता चौकोन काढला होता, त्याचं दार काढलं नव्हतं. आता अशा आकृतीत दारं, ड्रॉवर आणि ओव्हनची झाकणं उघड्या अवस्थेत काढून घ्यावीत असं मी प्रत्येकाला सांगते.

पायरीची जागा गॅसच्या अगदी शेजारी येते, ती चिरण्याच्या बाजूला आणखी सरकवता आली असती. मग शेगडीच्या डाव्या हाताला तीस इंचांवर थोडी मोकळी जागा मिळाली असती, गरम पातेलं उतरवून ठेवायला. आता ते उचलून चार इंच वर ठेवावं लागतं. ताईंना चिरायला तीन फुटांहून कमी जागा नको होती, म्हणून तसं केलं नाही. दोन्ही बाजूंना वजन आहे, आणि मला अजूनही वाटतं की सहा-आठ इंच इकडचे तिकडे करून पाहायला हवे होते.

मावशींना पहिल्याच बैठकीत बोलवायला हवं होतं. त्या घराच्या मालकीण नाहीत, पण त्या ओट्यापाशी रोज एक तास उभ्या असतात. पिठाच्या डब्याची जागा त्यांनी एका मिनिटात दुरुस्त केली. आधी विचारलं असतं तर उंचीची चर्चाही इतकी लांबली नसती.

एक गोष्ट मात्र पुन्हा तशीच करावी. फरशी आणि टाइल लागण्याआधी आजींच्या मुलाने प्रत्येक भिंतीचे आणि जमिनीचे फोटो काढले, शेजारी उघडलेली टेप ठेवून. कोणता पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर, कोणती वायर कुठून वर जाते, सगळं त्यात दिसतं. सहा महिन्यांनी पाण्याचा नवा फिल्टर बसवायला माणूस आला आणि ड्रिल लावायला निघाला, तेव्हा ताईंनी फोनवर तो फोटो दाखवून त्याला चार इंच डावीकडे भोक पाडायला लावलं. त्याने जिथे खूण केली होती, तिथून नळाचा पाइप जात होता.